ताबा मिळाला, भाडं राहिलं

भाडेकरू घर सोडतो त्या दिवशी घरमालक जितका गाफील असतो तितका एरवी कधीच नसतो. दोन-दोन वर्षं चपला झिजवल्यानंतर किल्ल्या हातात पडणार असतात, टेम्पो खाली उभा असतो, हमाल कपाट जिन्यावरून उतरवत असतात. अशा वेळी भाडेकरू किंवा त्याचा मेहुणा एक कागद पुढे करतो: ‘ताबा दिला, ताबा घेतला, दोघांचंही एकमेकांकडे काही येणं-देणं नाही.’ ब्याद टळली या आनंदात मालक सही ठोकतो. लाखभराची थकबाकी त्या शेवटच्या चार शब्दांत बुडते. पुढे वकिलाकडे गेल्यावर वकील सगळ्यात आधी तोच कागद मागतो, आणि तो वाचून झाल्यावर फी सांगायचंही टाळतो.

ताबा आणि थकबाकी ही दोन वेगळी येणी आहेत. एक वसूल झालं म्हणून दुसरं आपोआप वसूल होत नाही आणि माफही होत नाही. भाडेकरू निघून गेला तरी राहिलेल्या दिवसांचं भाडं तो देणं लागतोच. फक्त ते मागायचा रस्ता वेगळा, मुदत वेगळी, आणि बऱ्याचदा कचेरीही वेगळी.

पोलीस चौकीचा रस्ता आधीच बाजूला ठेवू, कारण दहातले आठ मालक पहिल्यांदा तिथेच जातात. भाडं बुडवणं हा गुन्हा नाही. उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात भाडं थकवलं म्हणून फसवणूक आणि अपहाराची कलमं लावून गुन्हा नोंदवला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो २०२२ साली रद्द केला. भाडं न देण्याचे दिवाणी परिणाम होतील, पण एवढ्याने फौजदारी गुन्हा होत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. त्यामुळे ‘हे सिव्हिल मॅटर आहे’ असं सांगून हवालदार परत पाठवतो तेव्हा तो टाळाटाळच करतो असं नाही. तसंच मागे राहिलेल्या सामानाचं. भाडेकरूचा फ्रीज नि सोफा विकून भाडं वळतं करून घ्यायचा मोह होतो, पण वस्तू विकून पैसे उभे करायचे तर ते कोर्टाच्या हुकमाने आणि बेलिफाच्या हातून. आपण परस्पर विकला तर उद्या तोच माणूस ‘माझा सत्तर हजारांचा फ्रीज’ म्हणून उलटा दावा लावतो. सामानाची यादी करावी, फोटो काढावेत, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि घेऊन जा म्हणून लेखी कळवावं.

आता महाराष्ट्रातली वाट. इथे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा चालतो आणि भाड्याने दिलेल्या घरांच्या त्यात दोन जाती पडतात. एक जुनी भाडेकरी, पागडीवाली. दुसरी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे अकरा महिन्यांचा करार. दुसऱ्या जातीत मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंतच्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागण्याची सोय त्याच कलमात आहे. ही दुप्पट रक्कम खूप मालक मागतच नाहीत. ताब्याचा अर्ज करतात, ‘ते पैशाचं नंतर बघू’ म्हणतात, आणि नंतर बघायला फार उशीर होतो.

मात्र कलम २४ चा धागा मुदत संपल्याच्या दिवसापासून सुरू होतो. करार चालू असतानाच थकलेले महिने त्यात बसत नाहीत. ते दिवाणी कोर्टात दावा लावूनच मागावे लागतात.

आकड्यांनी बोलू. समजा डोंबिवलीतला एक फ्लॅट, भाडं २२,००० रुपये, डिपॉझिट ७५,०००. करार १ एप्रिल २०२४ ते २८ फेब्रुवारी २०२५. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी असे तीन महिने भाडं आलं नाही: ६६,०००. मुदत संपली तरी गृहस्थ ३० जूनपर्यंत बसून राहिले. हे चार महिने दुप्पट दराने, म्हणजे ४४,००० च्या हिशेबाने १,७६,०००. विजेचं बिल मागे ठेवलं ९,४००. एकूण २,५१,४००. डिपॉझिट वजा जाता उरले १,७६,४००. मालकाच्या डोक्यात मात्र हिशेब वेगळाच असतो: ‘तीन महिन्यांचं भाडं गेलं, डिपॉझिट आहे, जवळपास मिटलंच.’ करार संपल्यानंतरचे चार महिने तो धरतच नाही, किंवा धरले तरी साध्या दराने. डिपॉझिट वळतं करून घेतलं तर कुठल्या महिन्यापोटी घेतलं हे लगेच लेखी कळवावं. सगळ्यात जुन्या महिन्यांपोटी घेतलेलं बरं, कारण मुदतीत आधी मरणारे तेच.

ही मुदत म्हणजे या सगळ्या विषयाची नस आहे. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे थकलेल्या भाड्याचा दावा तीन वर्षांत लावायचा. तीन वर्षं कधीपासून? भाडेकरू गेला तेव्हापासून नव्हे, आणि नोटीस दिल्यापासूनही नव्हे. भाडं देय झालं त्या दिवसापासून. म्हणजे प्रत्येक महिन्याचं घड्याळ वेगळं. ५ डिसेंबर २०२४ ला द्यायचं भाडं ५ डिसेंबर २०२७ च्या सुमारास दाव्याबाहेर जातं, जानेवारीचं त्यानंतर महिनाभराने. घर खाली करून घेण्याचं प्रकरण दुसरीकडे चालू आहे म्हणून ही घड्याळं थांबत नाहीत. खरा घात इथे होतो. ताब्यासाठी अडीच वर्षं भांडायचं, मग सहा महिने दम खायचा, रंगरंगोटी करून नवा भाडेकरू बसवायचा, आणि मग जुन्या थकबाकीची फाईल उघडायची. तोवर सगळ्यात जुने महिने एकेक करून गळलेले असतात. घर खाली करण्याच्या दाव्यातच थकबाकी मागता येते, दिवाणी प्रक्रिया संहितेत तशी स्पष्ट मुभा आहे. जिथे एकच कोर्ट दोन्ही देऊ शकतं तिथे दोन्ही एकदम मागावं.

घड्याळ नव्याने सुरू करायचाही एक मार्ग आहे. मुदत संपायच्या आत भाडेकरूने सही करून ‘एवढं देणं आहे’ असं लिहून दिलं, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षं मिळतात. थोडे पैसे दिले आणि दिल्याची त्याच्या हातची किंवा सहीची नोंद असली, तरी तसंच. म्हणून ताब्याच्या दिवशी जो कागद करायचा तो मालकानेच आणावा: ताबा कोणत्या तारखेला दिला, कुठल्या महिन्यांचं किती राहिलं, मीटरचं रीडिंग काय, नवा पत्ता काय, आणि खाली सही. भाडेकरूला टेम्पो सुटायची घाई असते, त्यामुळे त्या दिवशी सही मिळते. आठ दिवसांनी तो फोनही उचलत नाही.

दावा लावताना सगळी थकबाकी एकदम मागायची, तुकडे पाडायचे नाहीत. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता हा नियम समजावून सांगायला उदाहरण घेते तेच घरभाड्याचं! वर्षाला १२०० रुपये भाड्याचं घर, १९०५, १९०६ आणि १९०७ अशा तिन्ही वर्षांचं भाडं थकलेलं. मालकाने १९०८ साली फक्त १९०६ चा दावा लावला. मग १९०५ आणि १९०७ चं भाडं त्याला पुन्हा कधीच मागता येणार नाही. कोर्ट फी वाचवायला ‘आधी थोडं मागू, जमलं तर बाकीचं’ असा सल्ला देणारे नातेवाईक सगळ्यांनाच असतात. त्यांना हे उदाहरण वाचून दाखवावं.

कोर्ट कुठलं, तेही बघावं लागतं. मुंबईत मालक-भाडेकरू किंवा लायसन्स देणारा-घेणारा यांच्यातले ताब्याचे आणि भाड्याचे दावे लघुवाद न्यायालयात जातात, बोलीत स्मॉल कॉज कोर्ट, धोबी तलावावरचं. रक्कम दहा हजार असो की दहा कोटी, १८८२ च्या कायद्यातल्या कलम ४१ मुळे कोर्ट तेच. मुंबईबाहेरही त्याच धर्तीची तरतूद आहे. आणि घर जिथे, दावा तिथे. भाडेकरू आता नागपूरला गेला म्हणून नागपुरात दावा लावायचा नसतो. चुकीच्या कोर्टात दोन वर्षं घालवून दावा परत मिळालेले लोक कमी नाहीत.

करार नोंदवलेला नसेल तर? भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कायदा म्हणतो. पण शिक्षेपेक्षा जास्त बोचणारी गोष्ट निराळी आहे. करार नोंदवलेला नसला, की जागा कुठल्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. ‘भाडं २२ नव्हे, १५ ठरलं होतं’ एवढंच त्याने म्हणायचं, खोडून काढायचं काम मालकाचं. हजार-दोन हजार वाचवायला शंभराच्या स्टॅम्पवर करार करून ठेवणाऱ्यांची मला कीव येत नाही.

पागडीच्या जुन्या भाडेकरीचं गणित उलटं असतं. तिथे थकबाकीची रक्कम बहुधा क्षुल्लक. शिवाय दाव्याचं समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सगळी थकबाकी, १५ टक्के साधं व्याज आणि खर्च कोर्टात भरला, तर थकबाकीच्या कारणावर त्याला बाहेर काढता येत नाही. त्या प्रकरणांतला मोठा पैसा असतो हुकूमनामा झाल्यानंतरच्या काळाचा. हुकूमनाम्यावर अपील करून, स्थगिती घेऊन भाडेकरू आणखी दहा वर्षं जुन्याच भाड्यात राहायचा, हा मुंबईतला पिढीजात रिवाज होता. सर्वोच्च न्यायालयाने आधी २००४ साली दिल्लीच्या एका प्रकरणात आणि मग २००९ साली मुंबईच्या प्रकरणात त्याला चाप लावला. घर खाली करण्याचा हुकूमनामा झाला, की त्या दिवसापासून जागा वापरल्याचे पैसे बाजारभावाने, आणि स्थगिती हवी असेल तर ते भरण्याची अट घालता येते. २००९ च्या प्रकरणातला भाडेकरू होता महाराष्ट्र सरकार. महिना पाच हजारांच्या घरातलं भाडं देणाऱ्या सरकारला महिन्याला ५,४०,००० रुपये भरायला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं होतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. पागडीच्या दाव्यात हुकूमनामा हाती आलेल्या मालकाने ही मागणी पहिल्या तारखेलाच करायला हवी.

भाड्यापोटी दिलेला चेक परत आला असेल तर मात्र फौजदारी दार उघडतं. पण या दाराला मुदती फार कडक आहेत. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, तेही गेले तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. खाली अपुरी शिल्लक लिहिलेलं असो, खातं बंद असो की ‘स्टॉप पेमेंट’ असो, प्रकरण होतं. २०१५ पासून तक्रार आपल्या बँकशाखेच्या हद्दीतल्या कोर्टात करता येते, म्हणजे चेक देऊन बंगळुरूला गेलेल्या माणसाला आपल्या गावी यावं लागतं. या एका गोष्टीने जेवढी थकबाकी वसूल होते तेवढी दाव्यांनी होत नसावी. दर तारखेला विमानाचं तिकीट काढण्यापेक्षा माणूस तडजोडीला येतो.

पुराव्यात आता व्हॉट्सअ‍ॅपचं वजन चांगलंच आहे. ‘काका, या महिन्यात जरा अडचण आहे, पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम देतो’ हा मेसेज म्हणजे थकबाकीची कबुली. तो कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. नुसती स्क्रीनशॉटची प्रिंट चालत नाही, आणि मूळ फोन जपून ठेवलेला बरा. बँकेचं स्टेटमेंट हा दुसरा पुरावा: महिन्याच्या पाच तारखेला नियमाने येणारे २२,००० डिसेंबरपासून थांबले, हे त्यात न बोलता दिसतं. रोखीने भाडं घेणाऱ्याकडे हे दोन्ही नसतं, आणि मग वसुलीही बहुधा नसते.

दावा जिंकला असं समजू. हिंदुस्थानातल्या दावेकऱ्याच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिल १८७२ साली बोलून गेलं होतं, आणि वकीलमंडळी ते आजही सांगतात. हुकूमनामा म्हणजे पैसे नव्हेत. पैशासाठी दरखास्त लावायची. तिला बारा वर्षांची मुदत आहे, म्हणून इथे घाई नाही. घाई माहितीची आहे. प्रतिवादी कुठे नोकरी करतो, खातं कुठल्या बँकेत, नावावर गाडी आहे का, गावाकडे जमीन आहे का, हे कोर्ट शोधून देत नाही. त्याच्याकडून मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागवता येतं, पण ते तो स्वतःच भरणार. याची उत्तरं मिळण्याची खरी जागा म्हणजे करार करतानाचा दिवस, जेव्हा तो ऑफिसचं ओळखपत्र, पॅन आणि गावचा पत्ता हसत हसत देत असतो. त्या झेरॉक्स ज्यांनी फेकल्या नाहीत त्यांची दरखास्त पुढे सरकते. भाडेकरू दुसऱ्या जिल्ह्यात गेला असेल तर हुकूमनामा तिथल्या कोर्टाकडे बदलून घेता येतो.

नोकरदार असेल तर पगार जप्त होतो, पण सगळा नाही. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. ४०,००० पगाराच्या माणसाचे महिन्याला १३,००० हाती लागतात, आणि एका हुकूमनाम्यापोटी एकूण २४ महिनेच. वरच्या डोंबिवलीच्या हिशेबात १,७६,४०० वसूल व्हायला चौदा महिने पुरतात. प्रॉव्हिडंट फंडाला हात लावता येत नाही. बेलिफ घरी गेला तर अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं आणि धर्मरिवाजाप्रमाणे बाईने उतरवू नये असे दागिने, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र, जप्तीतून वगळावं लागतं. टीव्ही नेता येतो. जुन्या टीव्हीचे लिलावात काय येतात ते सांगायला नको.

आणि तुरुंग? तरतूद आहे, जास्तीत जास्त तीन महिने. पण १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नुसता पैसा नाही म्हणून कर्जदाराला डांबता येणार नाही, ऐपत असून तो मुद्दाम देत नाही हे दिसलं पाहिजे. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी बाईला अटक करता येत नाही. त्यात गंमत अशी, की तुरुंगातल्या प्रतिवादीच्या जेवणाखाण्याचा भत्ता वादीने भरायचा! भाडं बुडवणाऱ्याला वर जेवूही घालायचं, हे ऐकल्यावर बहुतेक मालक त्या अर्जाचा नाद सोडतात.

हे सगळं मांडल्यावर प्रश्न उरतो तो लढायचं कधी. माझं मत सरळ आहे. डिपॉझिट वजा जाऊन पन्नास-साठ हजारांच्या आत येणं असेल आणि माणसाचा ठावठिकाणा लागत नसेल, तर चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला होतो. वकिलाची नोटीस एकदा द्यावी, पत्ता मूळ गावचा टाकावा, कारण गावी पोचलेलं पाकीट वडील उघडतात आणि काही वेळा तिथेच काम होतं. रक्कम मोठी, कागद पक्के आणि माणूस नोकरदार असेल तर दावा लावावा, आणि लावल्यावर प्रकरण लोकअदालतीत ठेवण्याचा अर्ज करावा. तिथे झालेली तडजोड हुकूमनाम्याइतकीच पक्की असते, तिच्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फीही परत मिळते. दीड लाखाचे एक लाख हप्त्यांनी घेणं अनेकांना अपमान वाटतो. पण हप्ता चुकला तर पूर्ण रक्कम देय होईल, एवढं वाक्य तडजोडीत घालून घेतलं तर अपमान वाटायचं कारण नाही. भाडेकरू कंपनी असेल आणि ती दिवाळखोरीत गेली असेल, तर दावा लावूनही उपयोग नाही. तिथे दाव्यांना स्थगिती असते, आपला क्लेम विहित नमुन्यात वेळेत दाखल करून रांगेत उभं राहावं.

एक बाब आयकराची. न मिळालेलं भाडं उत्पन्नात धरायचं नाही अशी सवलत आहे, पण अटींवर: व्यवहार खरा असावा, भाडेकरू निघून गेला असावा किंवा त्याला काढायची पावलं उचललेली असावीत, आपल्याच दुसऱ्या घरात तो राहत नसावा, आणि वसुलीसाठी रीतसर कारवाई केली किंवा करूनही काही निष्पन्न झालं नसतं हे दाखवता यावं. म्हणजे जी नोटीस ‘कशाला द्यायची’ म्हणून दिली नाही, तिचा करासाठीही उपयोग होता. उद्या कोर्टातून किंवा तडजोडीतून पैसे आले, तर ते आले त्या वर्षाच्या उत्पन्नात दाखवायचे, त्यातून ३० टक्के वजावट मिळते. मधल्या काळात घर विकून टाकलं असलं तरीही.